अज्जीचा प्रश्न आणि बारा कोंबड्या

वाचकहो, या वेळी साहित्य नाही, संस्कृती नाही, सीमाप्रश्नही नाही. या वेळी कोंबड्या. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाने कोंबड्यांवर लिहावे म्हणजे जरा आक्रीतच, पण गेले वर्षभर आमच्या घरात जेवताना, झोपताना आणि पाहुणे आल्यावरसुद्धा याच विषयावर बोलणे चालले आहे. शिवाय अनेक वाचकांनी भेटल्यावर विचारले, “सर, आमच्याही पोराला कोंबड्या पाळायच्या आहेत, कुठल्या घ्याव्यात?” तेव्हा म्हटले, एकदाचे लिहूनच टाकावे.

सुरुवात झाली जत्रेतून. आमची धाकटी तेव्हा सातवीत होती. आजीबरोबर जत्रेला गेली आणि येताना पिशवीतून दोन पिल्ले घेऊन आली. एक गुलाबी, एक हिरवे! कोंबडीचे पिल्लू गुलाबी नसते हे तिलाही ठाऊक होते, पण जत्रेत कुणाला भान असते? माझी आई चंदगडकडच्या खेड्यातली, कोंबड्यांत वाढलेली. तिने पिल्लू हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “हे काय जगायचं न्हाई बघ.” तिसऱ्या दिवशी दोन्ही पिल्ले गेली. पोरीने दोन दिवस धड जेवण केले नाही.

मागाहून मी चौकशी केली. अंड्यांसाठी कोंबड्या वाढवणाऱ्या मोठ्या व्यवसायात नर पिल्लांचा उपयोग नसतो. ते अंडी देत नाहीत आणि त्यांच्या अंगावर मांसही लवकर धरत नाही. मग अशी नको असलेली नर पिल्ले स्वस्तात विकली जातात, त्यांना रंग देऊन जत्रेत आणि बाजारात बसवले जाते. एक दिवसाच्या पिल्लाला पोटातल्या बलकावर दोन-तीन दिवस तग धरता येते. म्हणून ते जत्रेत टुणटुणीत दिसते आणि घरी येऊन मान टाकते. त्याला पहिल्या आठवड्यात सुमारे ९५ अंश फॅरनहाइटची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती पाच-पाच अंशांनी कमी करत न्यायची असते. आम्ही त्यांना बुटाच्या खोक्यात ठेवले होते.

तर दु:ख ओसरल्यावर धाकटीने जाहीर केले, “बाबा, मी कोंबड्यांचा धंदा करणार. खऱ्या कोंबड्यांचा.” तिच्याजवळ वाढदिवसाचे आणि दिवाळीच्या ओवाळणीचे पैसे होते. मोबाइलवर कुणीतरी दाखवलेला कडकनाथ तिच्या डोक्यात बसला होता. काळी पिसे, काळा तुरा, काळे मांस. “एक अंडं कितीला जातं ठाऊक आहे का बाबा तुम्हाला?”

इथे आमच्या घराची थोडी ओळख करून द्यायला हवी. माझी आई मराठी, सासूबाई कन्नड. सासूबाई बैलहोंगलकडच्या, पूर्ण शाकाहारी घरातल्या. गेली काही वर्षे त्या आमच्याकडेच असतात. मुले एकीला ‘आजी’ म्हणतात आणि दुसरीला ‘अज्जी’. फरक एका ‘ज’चा, पण चुलीच्या बाबतीत अंतर बरेच! आमच्याकडे अंडी उकडायची तर मागच्या पडवीत, वेगळ्या भांड्यात. हा अलिखित करार आहे आणि तो दोन्ही बाजूंनी पाळला जातो. लग्नानंतर सासूबाई पहिल्यांदा मला ‘कोळी’बद्दल काही सांगत होत्या, तेव्हा मी जाळ्यातला कोळी समजून छताकडे पाहू लागलो होतो. कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी, हे त्या दिवशी शिकलो.

धाकटीचा बेत ऐकून मी मनात म्हटले, आता अज्जी नको म्हणणार. पण त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला. “मुदकी आद म्याल एन माडती?” म्हणजे, कोंबडी म्हातारी झाल्यावर काय करशील?

पोर गप्प झाली. मीही गप्प झालो. तेव्हा मला तो प्रश्न अडवणुकीचा वाटला होता. पुढे कोंबड्यांच्या जातींची माहिती काढत गेलो तसे लक्षात आले, की कुठली जात घ्यायची हे ठरवण्यासाठी याहून चांगला प्रश्न नाही. कारण जात निवडणे म्हणजे तरी काय? अंड्यांसाठी पाळायची, मांसासाठी पाळायची की पिल्लांसाठी पाळायची, आणि तिचे काम संपल्यावर तिचे काय करायचे, हे आधी ठरवणे. बाजारात तुरी म्हणतात तसा सगळा प्रकार आमच्याकडे चालला होता.

मग आम्ही बापलेक वही घेऊन बसलो. पहिला कडकनाथ. हा मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला. झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पक्षी काटक आहे, देखणा आहे, यात शंका नाही. पण त्याची कोंबडी वर्षाला साधारण ८० ते १०० अंडी देते, अंगाने हळू भरते, पाच-सहा महिन्यांत सव्वा-दीड किलोची होते आणि अंड्यांवर बसायला फारशी राजी नसते. आणि अंडे काळे नसते, हे ऐकून धाकटीचा निम्मा उत्साह तिथेच उतरला. राहिलेला निम्मा मी उतरवला. २०१९ साली सांगली-इस्लामपूर भागात कडकनाथच्या नावाने गुंतवणुकीची मोठी फसवणूक उघडकीस आली होती. पिल्ले आम्हीच देऊ, अंडी-कोंबड्या आम्हीच परत घेऊ, तुम्ही फक्त पैसे भरा, असा तो मामला होता. त्यात दोष कोंबडीचा नव्हता, तो बिचारा पक्षी आपला काळा तो काळाच. पण ज्या मालाचा गिऱ्हाईक आपल्या गल्लीत नाही, तो माल पहिल्या धंद्याला घेऊ नये, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

दुसरी, पांढरी लेगहॉर्न. मूळ इटलीची. लिव्होर्नो बंदरावरून तिला हे नाव पडले. दुकानात मिळणारी पांढरी अंडी तिच्याच वंशातल्या कोंबड्यांची. पिंजऱ्यातल्या पोल्ट्रीत ती वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. मग हीच का घेऊ नये? कारण तो आकडा पिंजऱ्याचा, पुऱ्या वजनाच्या खाद्याचा आणि लांबवलेल्या उजेडाचा आहे. परड्यात सोडली तर पांढऱ्या रंगामुळे ती घारीला लांबून दिसते. बॉयलर कोंबडी तर मुलांच्या हाती देऊच नये. सहा आठवड्यांत दोन किलोची होणारी ती कोंबडी खाद्यावर आणि हवामानावर फार अवलंबून असते. एक दिवस पंखा बंद पडला, ऊन वाढले, की माना टाकते.

तिसरी आपली जवारी. माझ्या आईचे मत पहिल्यापासून हिच्याच बाजूने होते. जवारी वर्षाला ५० ते ६० अंडी देते. बारा-पंधरा अंडी घालून झाली की खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते, मग पिल्ले घेऊन दोन-तीन महिने हिंडते. घार दिसली की पंखाखाली घेते. तिला ना बल्बची ऊब लागते, ना पिल्ले विकत आणावी लागतात. “एक खुडूक कोंबडी म्हंजे घरचं मशीन,” असे आई म्हणते आणि ते खरे आहे. अंडी कमी पण भाव जास्त आणि मुख्य म्हणजे पुढची पिढी फुकट.

चौथा गट मात्र आमच्यासारख्यांसाठीच काढलेला आहे. नावेही अशी संस्कृत की मराठी-कन्नड दोघांना आपलीच वाटावीत. बेंगळुरूच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली गिरिराज आणि २००५ साली तिथूनच आलेली स्वर्णधारा. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेली वनराज आणि ग्रामप्रिया. रंगीत पिसांच्या, परड्यात चरणाऱ्या, तपकिरी अंडी देणाऱ्या या कोंबड्या. गिरिराज वर्षाला १३० ते १५० अंडी देते आणि अंगाने चांगली भरते. वनराज अंड्यांना थोडी कमी, शंभर-एकशेदहा, पण मांसाला चांगली. ग्रामप्रिया हलकी आणि अंड्यांना सरस, १६० ते १८०. स्वर्णधाराही अंड्यांना गिरिराजपेक्षा सरस, अंगाने लहान, त्यामुळे मांजर-मुंगसापासून पळायला चपळ. या सगळ्या अंड्यावर यायला पाच-साडेपाच महिने घेतात.

पण यांच्या दोन खोडी लक्षात ठेवायच्या. एक, त्या सहसा खुडूक होत नाहीत. अंडी उबवायची तर ती जवारीखाली ठेवावी लागतात. दुसरी, त्या संकरित आहेत. त्यांच्या अंड्यांतून घरी काढलेली पिल्ले आईसारखी निघत नाहीत, पुढच्या पिढीत अंडी आणि वजन दोन्ही घटते. म्हणजे दर खेपेला पिल्ले विकत आणावी लागतात. हा खर्च वहीत आधीच धरायला हवा.

आता हिशेब. हा मी मुद्दाम धाकटीकडूनच करून घेतला, कारण धंदा तिचा. गिरिराजसारखी जड कोंबडी दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास खाते. सहा कोंबड्या म्हणजे रोजचे पाऊण किलो, महिन्याचे साडेबावीस किलो. वर्षाला १४० धरली तर सहा कोंबड्यांची महिन्याला सत्तर अंडी. भागाकार केला तर एका अंड्यामागे ३२० ग्रॅम खाद्य! खाद्य समजा किलोला तीस रुपये असेल, तर अंडे खाद्यातच साडेनऊ रुपयांना पडले. धाकटी पेन्सिल चावत म्हणाली, “मग आपण दुकानातनंच अंडी आणूया की.” हलक्या ग्रामप्रियेचा असाच हिशेब केला, दिवसाला १०५ ग्रॅम आणि वर्षाला १७० अंडी धरून, तर अंड्यामागे सव्वादोनशे ग्रॅमच्या आत बसते. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश कमी.

यातून दोन गोष्टी कळल्या. परड्यातल्या कोंबडीने निम्मे पोट स्वतः भरले तरच धंदा सुटतो. किडे, गवत, सांडलेले भात, घरातल्या भाजीची देठे, तांदळाची कणी, कोंडा हेच खरे भांडवल. ज्यांच्याकडे परडे नाही, त्यांनी फ्लॅटच्या गच्चीवर सगळे खाद्य विकत घेऊन नफ्याची अपेक्षा करू नये. दुसरी गोष्ट, केवळ अंडी विकायची असतील तर ग्रामप्रिया किंवा स्वर्णधारा घ्यावी. नरही वाढवून विकायचे असतील तर गिरिराज किंवा वनराज.

आणि नर येतातच. ही पिल्ले बहुधा नर-मादी वेगळी न करता मिळतात. बारा घेतली तर पाच-सात कोंबडे निघणार हे धरूनच चालावे. अंडी मिळायला कोंबडा लागत नाही, तो लागतो फक्त पिल्लांसाठी. म्हणजे बाकीच्या नरांचे काय करायचे? अज्जींचा प्रश्न कोंबडी म्हातारी होण्याची वाट न बघता चौथ्याच महिन्यात दारात उभा राहणार होता.

घरात बैठक बसली. अज्जींची एकच अट होती, घरात कापाकापी नको. धाकटीने कबूल केले. कोंबडे जिवंत विकायचे, कोंबड्यांनी अंडी थांबवली की त्याही विकायच्या, आणि ज्यांना विकायचे त्यांना नावे ठेवायची नाहीत. ही शेवटची अट माझ्या आईची. तिने कारण सांगितले नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही बारा गिरिराज पिल्ले आणली, महिनाभर वाढवलेली. एक दिवसाची मुद्दाम घेतली नाहीत. किंमत थोडी जास्त पडते, पण ऊब देण्याचा नाजूक काळ आणि पहिल्या लसी उरकलेल्या असतात. नवख्याने हाच मार्ग धरावा. पावसाळ्यात तर आणूच नयेत. आपल्या बेळगाव-खानापूरकडचा पाऊस, खुराड्यातले भाताचे तूस ओले झाले की रक्ती हगवण लागलीच म्हणून समजा.

लसीबद्दल एक सांगतो. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, कन्नडमध्ये ज्याला कोक्करे रोग म्हणतात, तो आला की खुराडेच्या खुराडे रिकामे होते. त्यावर औषध नाही, लसच आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास इंजेक्शन, असा साधारण क्रम असतो. नेमके वेळापत्रक सरकारी जनावरांच्या दवाखान्यात विचारून घ्यावे. लसीची बाटली शंभर किंवा जास्त पक्ष्यांची येते, उघडली की थोड्या वेळात वापरावी लागते आणि बर्फात ठेवावी लागते. बारा कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? आम्ही गल्लीतल्या पाच-सहा घरांना एकत्र केले. ज्यांच्याशी इतर वेळी फक्त पाण्याच्या नळावरून बोलणे व्हायचे, ती मंडळी कोंबड्या बगलेत घेऊन आमच्या दारात रांगेत उभी राहिली. लस टोचून घेताना कोंबडी ना मराठी असते, ना कन्नड!

आणखी एक. कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे करा, पिल्लांचे पापे घेऊ देऊ नका. एकाएकी दोन-चार पक्षी मेले तर गुपचूप उकिरड्यावर टाकू नका, दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा काय हाहाकार उडाला होता ते मोठ्यांना आठवत असेल.

बारातले एक पिल्लू मुंगसाने नेले. त्या रात्री खुराड्याची कडी नीट लावली नव्हती. कडी लावायचे काम धाकटीचे होते. मी रागावलो नाही. तिने स्वतःच वहीत लिहिले, ‘नुकसान : १. कारण : मी.’ अकरांत पाच कोंबडे निघाले. पाच-सहा आठवड्यांनंतर तुरे लाल होऊ लागले तसे आईने एकेक बोट दाखवून सांगितले, हा हुंजा, ही तलंग. कन्नडमधला ‘हुंज’ आमच्या आईच्या तोंडी कधी आला कोण जाणे.

माघातल्या एका शनिवारी चार कोंबडे बाजारात गेले. मीच डालगे उचलून नेले, ती बरोबर आली. भाव तिने केला, पैसे तिने मोजले. गिऱ्हाइकाने कोंबडे पाय बांधून उलटे धरले तेव्हा तिने माझा हात घट्ट पकडला. रिक्षात बसल्यावर रडली. नावे ठेवायची नाहीत असे ठरले होते, पण तिने एकाला मनातल्या मनात ठेवले होते. कुठले, ते मला तिने अजून सांगितलेले नाही. घरी आल्यावर अज्जी काही बोलल्या नाहीत. तिला जवळ बसवून घेतले आणि ताटात गरम भाकरी वाढली. माझ्या आईने तूप वाढले.

फाल्गुनात पहिले अंडे आले. पुढे रोज दोन-तीन मिळू लागली. अंडी तपकिरी, बघायला अगदी जवारीसारखी. आणि इथे आमची परीक्षा झाली. मुलीची वार्षिक तर होतीच, माझीही झाली. एक ओळखीचे गृहस्थ फाटकाशी आले. “जवारी तत्ती अदावेनु?” जवारी अंड्यांना किती जास्त भाव मिळतो ते आपण सगळे जाणतो. धाकटीने माझ्याकडे पाहिले. मी, वर्गात मूल्यशिक्षणावर बोलणारा माणूस, हळूच म्हणालो, “हो म्हण. परड्यातलीच आहेत, रंगही तसाच आहे.”

आतून अज्जींचा आवाज आला, “सुळ्ळ हेळब्याड.” खोटे बोलू नकोस.

अंड्याला हात न लावणाऱ्या बाईने अंड्याच्या धंद्यातला पहिला नियम सांगितला. धाकटी म्हणाली, “जवारी नाहीत काका, गिरिराजची आहेत. पण परड्यात चरणारी आहेत.” ते गृहस्थ न घेताच गेले. मला वाटले, गेले गिऱ्हाईक. कवचाच्या रंगाने अंड्याचा कस बदलत नाही, तपकिरी काय नि पांढरे काय, हे त्यांना सांगायचे माझ्या तोंडावर आले होते, पण त्या क्षणी कुठल्या तोंडाने सांगणार?

दुसऱ्या दिवशी फाटकावर पुठ्ठ्याची पाटी लागली. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये : ‘गिरिराज अंडी. जवारी नव्हेत.’ भाव जवारीपेक्षा कमी आणि दुकानापेक्षा थोडा जास्त. चार घरे कायमची लागली. ते गृहस्थही पंधरा दिवसांनी आले. म्हणाले, “एल्लारू जवारी अंतारा, निम्म हुडगी मात्र खरं हेळती.” सगळेच जवारी म्हणतात, तुमची पोरगी मात्र खरे सांगते. वाक्य निम्मे कन्नड, निम्मे मराठी. आमच्या गावाला शोभणारे.

वर्षाचा हिशेब सांगायचा तर खुराड्याचा खर्च धरता धंदा जेमतेम बरोबरीत आहे. खुराडे पुढच्या वर्षीही तेच वापरायचे असल्यामुळे थोडा नफा दिसेल अशी आशा आहे. आता दुसऱ्या खेपेसाठी तिने स्वतः निवड केली आहे. आईच्या माहेरहून एक जवारी कोंबडी आणायची आणि बाकी ग्रामप्रिया. कोंबडे वजनाने कमी भरतील, त्यांचे पैसे कमी येतील, हे मी दाखवून दिले. ती म्हणाली, “चालेल. मला अंडीच विकायची आहेत.” गिरिराजने जास्त पैसे दिले असते, हे तिला ठाऊक आहे. वहीत तसे लिहिलेही आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी असा बेत शिजत असेल तर आधी जात निवडू नका. आधी परडे मोजा, गल्लीतली गिऱ्हाइके मोजा, घरातली चूल आणि घरातली माणसे विचारात घ्या. नर विकायला मन तयार नसेल तर भारी वजनाच्या जातीच्या वाटेला जाऊ नका. पिल्ले काढायची हौस असेल तर एक तरी जवारी हवीच. आणि पहिल्या खेपेला दहा-बाराच्या वर नकोत.

राहिला अज्जींचा प्रश्न. आमच्या सहा कोंबड्या अजून तरण्या आहेत, अंडी देत आहेत. त्या थांबतील तेव्हा विकायच्या, असे ठरलेले आहे. परवा धाकटी अज्जींच्या मांडीवर डोके ठेवून विचारत होती, “अज्जी, एक ठेवली तर चालेल? एकच?” अज्जी म्हणाल्या, तुझा धंदा, तुझी वही, तूच ठरव.

ती अजून ठरवते आहे.